पोटदुखीच्या औषधाचे तीन थेंब

१५ ऑगस्ट १९७५. दक्षिण व्हिएतनाममध्ये एका माणसाला अटक झाली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्याला नेण्यात आलं. दुसऱ्या दिवशी त्याला आपल्या माणसांना चिठ्ठी लिहायची मुभा मिळाली. कपडे, टूथपेस्ट, असं जरुरीपुरतं सामान मागवावं, एवढंच. त्याने यादी केली आणि खाली एक ओळ घातली: पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून थोडी वाइन धाडा.

बाहेरच्यांना जे कळायचं ते कळलं. 'पोटदुखीवरचं औषध' अशी चिठ्ठी डकवलेली छोटी बाटली आली. सोबत एक विजेरीही आली आणि तिच्या पोटात, दमट हवा लागू नये म्हणून, गव्हाच्या पातळ चकत्या दडवलेल्या होत्या. पोलिसाने विचारलं, "पोटाचा त्रास आहे का?" कैदी म्हणाला, "आहे." "मग हे घ्या तुमचं औषध."

कैद्याचं नाव फ्रान्सिस झेवियर न्गुएन वान थुआन. ज्या संताचं शव जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेत ठेवलेलं आहे, त्याच संताचं नाव. वय ४७. २४ एप्रिलला सायगावच्या आर्चबिशपांचे वारस म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ३० एप्रिलला सायगाव पडलं. शिवाय ते दक्षिणेचे माजी राष्ट्राध्यक्ष न्गो दिन दिएम यांचे सख्खे भाचे. नव्या राजवटीला यापेक्षा जास्त कारण नको होतं. खटला नाही, शिक्षा सुनावलेली नाही, आणि तरी तुरुंगवास १३ वर्षांचा. त्यातली ९ वर्षं एकान्तकोठडीत.

वाइन आणि गव्हाच्या चकत्या कशासाठी, हे कॅथलिक वाचकाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. धर्मगुरूच्या दिवसाचा कणा म्हणजे मिस्सा. येशूने शेवटच्या जेवणात भाकर मोडली आणि प्याला शिष्यांपुढे केला, त्याची ती रोजची आठवण. आठवणच नव्हे, तर ख्रिस्त तिथे खरोखर हजर असतो अशी श्रद्धा. मिस्सेला गव्हाची भाकर आणि द्राक्षाची वाइन लागते. दुसरं काही चालत नाही, भाताच्या देशातही नाही. किती लागते याला मात्र किमान माप नाही. म्हणून वान थुआन तळहातावर वाइनचे तीन थेंब घेत, त्यात पाण्याचा एक थेंब सोडत आणि सगळी मिस्सा तोंडपाठ म्हणत. तळहात हाच प्याला, हीच वेदी, हेच कॅथीड्रल. आयुष्यातल्या सर्वांत सुंदर मिस्सा त्याच, असं ते पुढे सांगत.

नंतर त्यांना उत्तरेकडच्या छावणीत हलवलं. तिथे ५०-५० कैद्यांच्या तुकड्या होत्या आणि झोपायला एकच लांबलचक फळी. प्रत्येकाच्या वाट्याला ५० सेंटिमीटर जागा. शेजारी कॅथलिक कैदी येतील अशी व्यवस्था त्यांनी आपसांत करून घेतली. रात्री साडेनऊला दिवे मालवले की वान थुआन अंथरुणावर वाकून मिस्सा म्हणत आणि मच्छरदाणीखालून हात सरकवून ख्रिस्तप्रसाद देत. सिगारेटच्या पाकिटातल्या कागदाच्या पुड्या करून त्यात तो जपून ठेवायचा आणि खिशात बाळगायचा. दर आठवड्याला राजकीय शिकवणुकीचा तास असे. मधल्या सुट्टीत या पुड्या दुसऱ्या तुकड्यांत पोहोचत.

धाडसाच्या गोष्टी सगळ्याच तुरुंगांत सापडतात. मला इथे खिळवून ठेवलं ते वेगळ्याच गोष्टीने. या माणसाने पहिल्याच चिठ्ठीत सुटकेची खटपट मागितली नाही, वकील मागितला नाही. रोजचा क्रम मोडू नये एवढी सोय मागितली. सगळं हातचं गेल्यावर माणूस एखाद्या मोठ्या विचाराला धरून राहील, अशी आपली समजूत असते. हा माणूस वेळापत्रकाला धरून राहिला.

बाहेरून पाहणाऱ्याला कॅथलिक प्रार्थना फार ठरीव वाटते. तेच शब्द, त्याच वेळा, तीच ऊठबस. मनातून आल्याशिवाय प्रार्थना कसली, असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं, आणि त्यात काही चूकही नाही. पण मनातून काही येईनासं होतं तेव्हाचं काय? आजारपण लांबतं, पोर जातं, नोकरी जाते, आणि आतून शब्दच फुटत नाही. ती वेळ या परंपरेने फार जुन्या काळापासून डोळ्यांसमोर ठेवलेली दिसते.

धर्मगुरू आणि व्रतस्थ मंडळी दिवसातून अनेकदा ठरलेल्या वेळी स्तोत्रं म्हणतात. ही स्तोत्रं यहुदी परंपरेतली, बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० आहेत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी नियम घालून दिला, की दीडशेच्या दीडशे दर आठवड्याला म्हणून झाली पाहिजेत. वर टोमणाही मारला, की आपले पूर्वज एवढं एका दिवसात उरकत असत. आता हा फेरा चार आठवड्यांचा आहे. १९७०च्या सुमारास नवी मांडणी झाली तेव्हा शत्रूला शाप देणारी ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं वगळली गेली. गाऱ्हाणी मात्र राहिली. आणि स्तोत्रसंहितेचा सुमारे एक तृतीयांश भाग गाऱ्हाण्यांचाच आहे. देवा, कुठे गेलास? किती दिवस तोंड लपवणार? मी काय केलं होतं? कोकणात देवाला गाऱ्हाणं घालतात त्यातही एक हक्क असतो. तुकोबा तर विठ्ठलाशी रोखठोक भांडतात. मराठी माणसाला हा सूर परका नाही.

या सगळ्यांत ८८वं स्तोत्र एकटं पडलेलं आहे. बाकीची बहुतेक गाऱ्हाणी शेवटाकडे वळण घेतात. रडून झाल्यावर भक्ताला पूर्वीची कृपा आठवते आणि तो स्तुतीवर येतो. येशूने क्रुसावर ज्याच्या सुरुवातीचे शब्द उच्चारले ते २२वं स्तोत्रही असंच वळतं. ८८वं वळत नाही. म्हणणारा मरणाच्या दारात आहे, ओळखीची माणसं दूर झाली आहेत, तो रात्रंदिवस हाका मारतो आहे आणि पलीकडून ओ नाही. स्तोत्र अंधाराशी येऊन थांबतं. दिलासा नाही, 'पण' नाही, काही नाही.

आणि कॅथलिक चर्चने हे स्तोत्र ठेवलं आहे कुठे? दर शुक्रवारी, झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत. वर्षातून एकदा, एखाद्या शोकदिनी नव्हे. जगभरातले धर्मगुरू आणि सिस्टर्स आठवड्यातून एकदा हा मिट्ट काळोख म्हणून अंथरुणाला पाठ टेकतात. शुक्रवार येशूच्या मरणाचा, म्हणून तो वार. त्याच प्रार्थनेत पुढे, जराही सारवासारव न करता, ते म्हणतात की माझा प्राण तुझ्या हाती सोपवतो. हे ३१व्या स्तोत्रातले शब्द, लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे येशूचेही अखेरचे, आणि रोज रात्रीच्या प्रार्थनेत ते असतातच. मधला पूल कोणी बांधून दिलेला नाही. गाऱ्हाणं मिटलेलं नाही आणि सोपवणंही थांबलेलं नाही. मला वाटतं, दुःखात देवावर भरवसा ठेवणं याचा कॅथलिक अर्थ या दोन वाक्यांमधल्या मोकळ्या जागेत आहे. बरं वाटेल तेव्हा भरवसा, असा तो व्यवहार नाही.

एक शंका येतेच. ज्या सिस्टरचा दिवस मजेत गेला, शाळेत मुलांनी हसवलं, पेपर वेळेत तपासून झाले, तिने रात्री 'मला खड्ड्यात टाकलंस' असं का म्हणावं? ते खोटं नाही का? ही स्तोत्रं ज्या प्रार्थनाग्रंथातून म्हणतात त्याच्या प्रास्ताविकात याचं उत्तर दिलेलं आहे, आणि ते वाचून मी थक्क झालो. ही स्तोत्रं म्हणणारा आपल्या एकट्याच्या नावाने म्हणत नाही, साऱ्या ख्रिस्तमंडळीच्या नावाने म्हणतो. सिस्टरला आज दुःख नसेल. कुठल्या तरी इस्पितळात, कुठल्या तरी कोठडीत या क्षणी कोणाला तरी आहे, आणि त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. त्याचा शब्द ती म्हणते. उद्या तिच्या वाट्याला ती वेळ आली की दुसरं कोणी म्हणेल.

वान थुआन यांच्यावर ही वेळ आली होती. धीराच्या कथांतून हा भाग बहुधा गाळला जातो, म्हणून तो इथे सविस्तर सांगतो. कोठडीला खिडकी नव्हती. उकाडा आणि ओल इतकी की चटईवर अळंबी उगवली. कधी दिवसरात्र दिवा जळत असे, कधी दिवसचे दिवस काळोख. श्वास कोंडला की ते जमिनीवर पडून जमिनीलगतच्या भोकाला नाक लावत. पाऊस आला की त्याच भोकातून किडे आत येत. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, की असे दिवस गेले जेव्हा थकव्याने आणि आजाराने एक प्रार्थनासुद्धा म्हणता आली नाही. बिशप माणूस, हजारोंना प्रार्थना शिकवलेला, आणि त्याला 'नमो मरिया' ही साधी प्रार्थनाही पुरी करता येईना. तेव्हा ते एवढंच म्हणत, की येशू, मी आलोय, मी फ्रान्सिस.

त्यांना छळणारी गोष्ट कोठडीपेक्षाही वेगळी होती. आठ वर्षांचा बिशपपदाचा अनुभव, ऐन उमेद, बाहेर घडी बसवलेली कामं, शिकत असलेले तरुण, आणि आपण इथे कुजत पडलो आहोत. हे सगळं देवाचंच काम होतं ना, मग देवानेच ते का मोडलं? एका रात्री त्यांना आतून उत्तर सुचलं. देव वेगळा आणि देवाची कामं वेगळी. कामं त्याची आहेत, त्याला हवी तर तो दुसऱ्याकडून करून घेईल; तू त्याला धरलं आहेस की त्याच्या कामांना? या प्रश्नाने आपल्याला शांतता मिळाली, असं ते सांगत. मला हा प्रश्न धर्माच्या चौकटीबाहेरही बोचरा वाटतो, पण ते असो.

त्यानंतरचा त्यांचा दिवस पाहण्यासारखा आहे. बायबल जवळ नव्हतं, तर मिळतील ते कागदाचे कपटे जमवून त्यांनी एक चिमुकली वही केली आणि शुभवर्तमानांतली ३०० हून अधिक वचनं आठवून आठवून तिच्यात उतरवली. पहाऱ्यावरचे शिपाई आधी बोलत नसत. ते या कैद्याच्या नादी लागू नयेत म्हणून वरिष्ठ त्यांना दर पंधरा दिवसांनी बदलत. पुढे बदलायचं बंद केलं, कारण अशाने खात्यातले सगळेच शिपाई बिघडतील अशी भीती वाटू लागली! कैदी त्यांना परकीय भाषा शिकवू लागला. एकाने लॅटिन भजन शिकायची इच्छा धरली, तर वान थुआन यांनी पवित्र आत्म्याला आवाहन करणारं जुनं भजन निवडलं. मग रोज सकाळी कम्युनिस्ट पोलीस व्यायामाला जाताना ते मोठ्याने गात जाई आणि आत कैदी ऐकत बसे. ज्या दिवशी स्वतःला म्हणवत नसेल त्या दिवशीही भजन व्हायचंच. म्हणणारा पहारेकरी असे.

लाकडं फोडताना एका पहारेकऱ्याने काणाडोळा केल्यामुळे त्यांना लाकडाचा छोटा क्रूस कापून घेता आला. तो त्यांनी साबणाच्या वडीत लपवला. दुसऱ्या तुरुंगात त्यांनी विजेची तार मागितली. पहारेकरी दचकला, त्याला आत्महत्येची शंका आली. साखळी करायची आहे हे पटल्यावर त्याने पक्कड आणली आणि दोघांनी मिळून ती केली. २१ नोव्हेंबर १९८८ रोजी सुटका झाली. पुढे रोमला गेल्यावर, २००१ मध्ये कार्डिनल झाल्यावरही तोच क्रूस आणि तीच तार त्यांच्या गळ्यात होती. १६ सप्टेंबर २००२ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

ही गोष्ट ऐकून कोणी दुःखी माणसाला सांगायला जाईल, की बघा, तेरा वर्षं कोठडीत राहूनही त्यांनी तक्रार केली नाही. कृपा करून असं करू नका. बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं. खरं तर त्यांची सुरुवात चांगली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसून राहिले. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. देव न्यायी आहे, तेव्हा तुझंच काही चुकलं असणार, असं त्यांनी समजावायला घेतलं. ईयोब देवाला जाब विचारत राहिला. शेवटी देव रागावला तो देवाचीच बाजू घेणाऱ्या या मित्रांवर. जाब विचारणारा ईयोब बरोबर बोलला असा निवाडा त्याने दिला. देवाच्या वकिलांना ही चांगलीच चपराक आहे.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापली गेली तेव्हा जगाला धक्का बसला. देव जवळ असल्याची जाणीव त्यांना जवळपास पन्नास वर्षं नव्हती. या पन्नास वर्षांत त्यांनी प्रार्थना मात्र सोडली नव्हती. त्यांची श्रद्धा खोटी होती, असा निष्कर्ष काहींनी काढला. ८८वं स्तोत्र ठाऊक असणाऱ्याने तो काढला नसता.

आतापर्यंतची बहुतेक माणसं शिकलेली. वाचताच न येणाऱ्याने काय करावं? मध्ययुगात युरोपात बहुसंख्य लोक असेच होते. मठात दीडशे स्तोत्रं चालत, तर या लोकांनी दीडशे वेळा एकच पाठ प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि मोजायला मणी घेतले. रोजरी ती हीच. दहा-दहांचे पाच गट, असे तीन फेरे, मिळून १५० 'नमो मरिया'. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये आणखी एक फेरा जोडला आणि दीडशेचा जुना हिशोब मोडला. जुन्या वळणाच्या काहींना तो अजून रुचलेला नाही. प्रत्येक दहा मण्यांना येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा असतो. मंगळवार आणि शुक्रवार दुःखाच्या प्रसंगांचे: बागेतली घालमेल, फटके, काट्यांचा मुगुट, क्रूस वाहणं, मरण. म्हणजे इथेही दुःखाला आठवड्यात राखीव जागा आहे. आजीच्या बोटांना हे पाठ असतं, तिने स्तोत्रसंहिता उघडलेली नसली तरी.

इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर केलेला एक छोटा अभ्यास २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. लॅटिन रोजरी म्हणताना आणि 'ओम मणि पद्मे' हा मंत्र जपताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास येते आणि हृदय-रक्तदाबाच्या नैसर्गिक लयी तिच्याशी जुळतात, असं त्यात दिसलं. नामस्मरण करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. यावरून देव असल्याचं सिद्ध होत नाही, नसल्याचंही नाही. घाबरलेल्या शरीराला आधी श्वास सापडावा लागतो, इतकं मात्र या माळेने प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी ओळखलं होतं.

आणि ती एकट्याने म्हणायची सक्ती नाही. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला एक साथ फुटली. ती प्लेगची आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते गोव्याच्या डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. तेही कॅथलिकच. माणसं पटापट मरू लागली, शहर ओस पडू लागलं. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या स्थानिक कॅथलिकांच्या वस्त्यांमधून, वांद्र्यापासून गिरगावच्या खोताच्या वाडीपर्यंत, लोकांनी रस्त्यालगत क्रूस उभारले आणि त्यांच्यापुढे उघड्यावर प्रार्थना सुरू केली. एकीकडे त्याच धर्माचा डॉक्टर निदान करतो, दुसरीकडे लोक क्रुसापुढे उभे राहतात. दोन्हींत विरोध आहे असं तेव्हा कोणाला वाटलेलं दिसत नाही. घरोघरी कोणी ना कोणी गेलेलं होतं, अनेकांना बोलवत नसणार. रोजरीची रचनाच अशी, की अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची आणि उरलेली अर्धी सगळ्यांनी. ज्याचा गळा दाटला त्याची ओळ शेजारी पुरी करतो.

त्या साथीच्या काळातले कित्येक क्रूस आजही जागेवर आहेत, काही तर टोलेजंग इमारतींच्या कुंपणाला खेटून. मे महिन्यात त्यांना रंग लागतो, फुलं चढतात, संध्याकाळी वाडीतली माणसं खुर्च्या टाकून प्रार्थनेला बसतात. गोव्यातही वाटेवरच्या क्रुसांपुढे असंच चालतं. कधी वाटेत दिसलं तर जरा थांबा. तुम्ही कोण, कुठल्या धर्माचे, हे कोणी विचारत नाही. म्हणता आलं नाही तरी चालतं, ऐकलं तरी पुरे. आणि शेवटी उकडलेले चणे वाटले, तर संकोच न करता घ्या.